मुलाचं अपेंडिक्स: ऑपरेशन की अँटिबायोटिक?

सोनोग्राफीचा रिपोर्ट येतो. डॉक्टर म्हणतात, 'अपेंडिक्सला सूज आहे, ॲडमिट करून घ्या.' नऊ-दहा वर्षांच्या लेकराच्या आईबापांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, 'ऑपरेशन करावंच लागेल का? औषधाने नाही का बरं होणार?'

पंचवीस वर्षांपूर्वी याचं उत्तर एका शब्दात मिळालं असतं आणि विषय तिथेच संपला असता. आज उत्तर थोडं लांब आहे. सूज साधी असेल, अपेंडिक्स फुटलेलं नसेल, आत खडा अडकलेला नसेल, तर शिरेतून अँटिबायोटिक देऊन बहुतेक मुलं त्या वेळेपुरती ऑपरेशनशिवाय बरी होतात. मात्र पुढच्या वर्षभरात दर तीन मुलांमागे साधारण एकाचं अपेंडिक्स काढावंच लागतं. हे आकडे डॉक्टरांना मिळालेत ते हजारो मुलांवर काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांतून. त्यांचा अर्थ मात्र प्रत्येक घराला स्वतःपुरता लावावा लागतो, आणि त्यासाठी ते नीट समजून घ्यायला हवेत.

आत नेमकं होतं काय

पोटात उजवीकडे खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी, मोठ्या आतड्याला करंगळीएवढी एक नळी लटकलेली असते. तिचं एक टोक आतड्यात उघडतं, दुसरं बंद असतं. उघडं तोंड कशाने तरी बुजलं की आत तयार होणारा स्राव बाहेर पडू शकत नाही. आतला दाब वाढतो, भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे ई. कोलायसारखे जंतू भिंतीत शिरतात.

तोंड बुजतं दोन मुख्य कारणांनी. एक म्हणजे घट्ट झालेल्या मळाचा खडा. दुसरं कारण मुलांत जास्त महत्त्वाचं. अपेंडिक्सच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. एखाद्या संसर्गात ते सुजतात आणि आधीच अरुंद असलेली नळी आतून बंद करतात. हे पुंजके सर्वांत भरात असतात ते किशोरवयात. अपेंडिक्सचा आजार दहा ते एकोणीस या वयात सर्वाधिक दिसतो, त्यामागचं एक कारण हे मानलं जातं.

दुखणं सुरू होतं बेंबीभोवती आणि काही तासांनी सरकतं उजवीकडे खाली. याचं कारण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. अपेंडिक्सकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, तिथेच बेंबीभोवतालच्या त्वचेच्या नसाही येतात, त्यामुळे मेंदूला दुखणं बेंबीपाशी आहे असं वाटतं. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की मग दुखण्याची खरी जागा कळू लागते. उलटी बहुधा दुखणं सुरू झाल्यावर होते. मूल वाकून चालतं, उडी मारायला सांगितली तर मारत नाही, गाडी खड्ड्यातून गेली की कळवळतं.

पाच वर्षांखालच्या मुलांत मात्र असं सरळ चित्र क्वचितच दिसतं. दुखतंय कुठे हे त्यांना सांगता येत नाही. ताप, जुलाब, किरकिर, जेवण नको, एवढंच दिसतं आणि ते साध्या पोटाच्या संसर्गात खपून जातं. त्यातच मोठ्या माणसांत सुजलेल्या भागाभोवती गुंडाळून संसर्ग रोखून धरणारा पोटातला चरबीचा पडदा या वयात अगदी पातळ असतो. म्हणून इतक्या लहान मुलांचा आजार ओळखू येईपर्यंत अनेकदा अपेंडिक्स फुटलेलं असतं. त्यांच्या बाबतीत या लेखातली निवड बहुतेक वेळा समोर येतच नाही.

कापून टाकण्याची सवय लागली कशी

अपेंडिक्स काढल्याची पहिली लेखी नोंद एका मुलाचीच आहे. ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अम्यांड या शल्यचिकित्सकाने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया केली. आत त्याला सापडलं अपेंडिक्स, आणि त्याला भोक पाडून बसलेली एक टाचणी. भूल नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वात नव्हती. मूल वाचलं.

पण हे दुखणं अपेंडिक्समुळे होतं, हे वैद्यकाने मान्य करायला आणखी दीडशे वर्षं गेली. १८८६ मध्ये अमेरिकेत रेजिनाल्ड फिट्झ यांनी मृतदेहांच्या तपासणीतून दाखवून दिलं की उजव्या बाजूच्या पोटातल्या जीवघेण्या पूच्या गाठींचं मूळ बहुतांशी या नळीत असतं, आणि ती वेळेवर काढली तर माणूस वाचेल. पुढे १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी बोट ठेवून तपासायची नेमकी जागा सांगितली. तिथून पुढे नियम ठरला: सूज दिसली की काढा, फुटायची वाट पाहू नका.

त्या काळात हा नियम बरोबरच होता. आपल्याकडचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे महात्मा गांधी. येरवडा तुरुंगात असताना त्यांना हे दुखणं झालं आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण झालं. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा चार वर्षं बाकी होती आणि ते रुग्णांच्या हाती यायला आणखी बराच काळ. औषधांवर भरवसा ठेवण्याची सोयच नव्हती.

अँटिबायोटिक आल्यावर काहींनी वेगळा विचार केला. ब्रिटनमध्ये कोल्ड्री या शल्यचिकित्सकाने १९५९ मध्ये ४७१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या सगळ्यांवर मुख्यतः औषधांनी उपचार झाले होते आणि मृत्यू एकच झाला होता. शल्यचिकित्सक मिळणार नाही अशा पाणबुड्यांवरही सैनिकांना अँटिबायोटिकवर ठेवलं जाई. तरी मुख्य प्रवाहाने याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ऑपरेशन सोपं होतं, दिवसेंदिवस सुरक्षित होत होतं, आणि १९८० मध्ये जर्मनीत कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून दाखवल्यावर जखमही छोटी झाली. चांगला इलाज हाताशी असताना दुसरा शोधण्याची घाई कोणाला असणार!

जुन्या नियमामागे एक गृहीतक होतं. प्रत्येक सुजलेलं अपेंडिक्स फुटण्याच्या मार्गावर असतं, फक्त वेळेचा प्रश्न. गेल्या काही दशकांत याच गृहीतकावर शंका आली. अमेरिकेतल्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की न फुटलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णांची संख्या वर्षानुवर्षं वरखाली होते, पण फुटलेल्यांची संख्या तिच्यामागे जात नाही. एकच आजार पुढे सरकत असता तर दोन्ही आकडे हातात हात घालून चालले असते. त्यामुळे आता अनेक तज्ज्ञ असं मानतात की साधी सूज आणि फुटणारी सूज हे बऱ्याच अंशी वेगवेगळे आजार असावेत. पहिली कधी कधी आपली आपणही बरी होत असावी. दुसरी मात्र मूल दवाखान्यात पोचण्याआधीच बऱ्याचदा फुटलेली असते. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

मुलांवरचे अभ्यास काय सांगतात

आधी मोठ्यांवर प्रयोग झाले. फिनलंडच्या एका अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचं अपेंडिक्स वर्षभरात काढावं लागलं. पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांवर गेला. अमेरिकेत १,५५२ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या नव्वद दिवसांतच २९ टक्के लोकांवर शस्त्रक्रिया झाली. अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं, नसलेल्यांत २५. हा खडा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मुलांवरचा पहिला चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास स्टॉकहोममधला. ५० मुलं होती. त्यांपैकी २४ जणांना अँटिबायोटिक दिलं, त्यातली २२ मुलं सुरुवातीला शस्त्रक्रियेविना बरी होऊन घरी गेली. वर्ष संपेपर्यंत १५ जणांचं अपेंडिक्स शाबूत होतं. मधल्या काळात ज्या सात मुलांचं अपेंडिक्स काढलं, त्यांतल्या एकालाच पुन्हा खरी सूज आली होती. उरलेल्या सहा जणांचं काढलं ते पोट पुन्हा दुखलं म्हणून किंवा पालकांनी आग्रह धरला म्हणून, आणि त्या सहाही अपेंडिक्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सूज सापडली नाही. मला हा तपशील आकड्यांपेक्षा बोलका वाटतो. अपेंडिक्स जागेवर ठेवलं की त्याची धास्तीही घरात राहते, आणि कधी कधी शस्त्रक्रिया त्या धास्तीवरच करावी लागते. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा २४ पैकी ११ मुलांचं अपेंडिक्स काढलेलं होतं.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या दहा बालरुग्णालयांनी वेगळी पद्धत वापरली. त्यांनी चिठ्ठ्या न टाकता दोन्ही पर्याय कुटुंबासमोर ठेवले आणि निवड त्यांच्यावर सोडली. सात ते सतरा वयाच्या १,०६८ मुलांपैकी ३७० जणांनी, म्हणजे साधारण ३५ टक्क्यांनी, औषध निवडलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात ६७ टक्के मुलांना शस्त्रक्रिया लागली नाही. शाळा, खेळ, नेहमीचे व्यवहार बुडाले असे दिवस औषधाच्या गटात सरासरी ६.६ आणि शस्त्रक्रियेच्या गटात १०.९ होते. ज्यांनी स्वतः निवड केली ते मुळातच वेगळ्या परिस्थितीतले असू शकतात, ही या अभ्यासाची मर्यादा संशोधकांनाही ठाऊक होती.

म्हणून सगळ्यांची नजर होती ती 'ॲपी' नावाच्या मोठ्या चाचणीकडे. कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन आणि सिंगापूर इथल्या अकरा बालरुग्णालयांत २०१६ ते २०२१ या काळात पाच ते सोळा वयाची ९३६ मुलं यात घेतली गेली. कोणाला औषध, कोणाला ऑपरेशन हे संगणकाने ठरवलं. निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. वर्षाअखेरची माहिती मिळू शकली त्या मुलांत, औषधाच्या गटात ४५२ मुलांपैकी १५३ जणांचा, म्हणजे ३४ टक्क्यांचा, उपचार अयशस्वी ठरला. शस्त्रक्रियेच्या गटात ३९४ पैकी २८ जणांचा, म्हणजे ७ टक्क्यांचा.

इथे 'अयशस्वी' म्हणजे काय, ते पाहायला हवं. औषधाच्या गटात वर्षभरात अपेंडिक्स काढावं लागलं की उपचार अयशस्वी. शस्त्रक्रियेच्या गटात काढलेलं अपेंडिक्स तपासणीत निरोगी निघालं, म्हणजे मुलाला विनाकारण कापलं गेलं, की अयशस्वी. त्या २८ पैकी एक सोडून सगळे असेच होते. म्हणजे उत्तम बालरुग्णालयांतसुद्धा, सोनोग्राफी वगैरे करूनही, शंभरात सहा-सात मुलांचं अपेंडिक्स विनाकारण निघतं. निदान किती अवघड आहे हे यावरून कळावं.

संशोधकांनी चाचणी सुरू करण्याआधीच मर्यादा आखली होती: दोन गटांतला फरक वीस टक्क्यांच्या आत राहिला, तर औषध ऑपरेशनच्या तोडीचं मानू. फरक निघाला सुमारे सत्तावीस टक्के. त्यामुळे निकाल स्पष्ट आहे, या मोजपट्टीवर औषध शस्त्रक्रियेच्या तोडीचं ठरलं नाही. मोजपट्टीवर मात्र वाद आहे आणि मला तो रास्त वाटतो. औषध घेणाऱ्याचं अपेंडिक्स निघालं तर ते अपयश, पण दुसऱ्या गटात तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचं निघालं! एखाद्या घराला शस्त्रक्रिया टाळणं हेच सगळ्यात मोलाचं वाटत असेल, तर त्याच्या दृष्टीने ६६ टक्के मुलांची ती टळली. दुसऱ्या घराला पुन्हा हे सगळं नको असेल, तर ३४ टक्क्यांचं अपेंडिक्स शेवटी काढावंच लागलं. आकडा एकच, दोन्ही घरं बरोबर.

दोन गोष्टींवर मात्र वाद नाही. चाचणीत दोन्ही गटांत एकही मृत्यू झाला नाही आणि गंभीर दुष्परिणामही झाले नाहीत. औषध देऊन पाहिलं आणि ते चाललं नाही, तरी मूल जिवावरच्या संकटात सापडलं नाही. दुसरं म्हणजे, सौम्य आणि मध्यम त्रास औषधाच्या गटात चौपट होते. म्हणजे ऑपरेशन टळलं तरी उपचार फुकटात मिळत नाही, त्यालाही किंमत आहे.

कोणत्या मुलाला हा पर्याय असतो

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या त्या दहा बालरुग्णालयांच्या अभ्यासात कोणाला घेतलं होतं ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. दुखणं सुरू होऊन ४८ तासांहून जास्त झालेले नसावेत. सोनोग्राफी किंवा अन्य तपासणीत अपेंडिक्स प्रत्यक्ष दिसलेलं असावं, त्याची जाडी १.१ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, पू साचलेला नसावा, आतड्यांचा गोळा झालेला नसावा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ५,००० ते १८,००० च्या दरम्यान असाव्यात. आणि खडा नसावा.

खड्याबद्दल इतका आग्रह का? अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयाने खडा असलेल्या मुलांना औषध देऊन पाहण्याची छोटी चाचणी सुरू केली होती. औषध दिलेल्या पाच मुलांपैकी तिघांचा उपचार काही महिन्यांतच फसला आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. अँटिबायोटिक जंतू मारतं, खडा विरघळवत नाही. तोंड बुजवणारी वस्तू जागेवर राहिली की आजार परततो. जागतिक आपत्कालीन शस्त्रक्रिया संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मुलांसाठी औषधाचा पर्याय पालकांशी बोलावा असं म्हटलंय, पण तो खडा नसलेल्या साध्या सुजेसाठीच.

फुटलेल्या अपेंडिक्सची गोष्ट निराळी. तिथे पू साचला असेल तर आधी अँटिबायोटिक, गरजेप्रमाणे नळी घालून पू काढणं आणि मग शस्त्रक्रिया, असं बरेच ठिकाणी अनेक वर्षांपासून करतात. ते पाहून 'शेजारच्या मुलाचं तर फुटलं होतं, तरी औषधावर ठेवलं' असं म्हणून आपल्या मुलाची तुलना करू नये.

हा उपचार म्हणजे घरी गोळ्या घेणं नव्हे, हेही इथेच सांगतो. मूल दवाखान्यात भरती असतं. सुरुवातीला तोंडाने काही देत नाहीत, सलाईन चालू असतं, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखं अँटिबायोटिक शिरेतून दिलं जातं. पद्धतीप्रमाणे बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हे चालतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा पोट तपासतात. दुखणं उतरलं, ताप गेला, मूल खाऊ लागलं की तोंडाने औषध सुरू होतं आणि सगळं मिळून सात ते दहा दिवसांचा कोर्स पुरा करतात. दुखणं वाढलं किंवा ठरलेल्या वेळेत फरक पडला नाही, तर शस्त्रक्रिया. त्यासाठी शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्रीही उपलब्ध असायला हवेत. औषधाचा पर्याय खऱ्या अर्थाने तिथेच देता येतो जिथे ऑपरेशनही लगेच होऊ शकतं.

आपल्याकडे विचार करताना

हे सगळे अभ्यास श्रीमंत देशांतल्या बालरुग्णालयांत झाले आहेत, जिथे मुलांची सोनोग्राफी रोज करणारे हात चोवीस तास असतात. महाराष्ट्रात बसून हे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत, आणि याची मला तीन कारणं दिसतात.

सर्वांत मोठं कारण जंतूंचं. अपेंडिक्सच्या संसर्गात ई. कोलाय हा प्रमुख जंतू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की आपल्या रुग्णालयांत सापडणाऱ्या ई. कोलायपैकी मोठा हिस्सा सेफोटॅक्सिम, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. सर्दी-खोकल्याला, साध्या जुलाबाला मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या अँटिबायोटिकचे हे परिणाम आहेत आणि ते इथे येऊन भिडतात. दवाखान्यात शिरेतून दिलेलं जोरदार औषध काम करेलही, पण घरी पाठवताना तोंडाने द्यायचं औषध तितकंच चालेल का, हा आपल्याकडे स्वीडनपेक्षा कितीतरी कठीण प्रश्न आहे. मुलाला अलीकडे कोणतं अँटिबायोटिक दिलं होतं, हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

दुसरं कारण निदानाचं. आपल्या मुलांत टायफॉइड, आतड्याचा क्षयरोग, जंत, पोटातल्या लसिकाग्रंथींची सूज हे सगळे अपेंडिक्सची बतावणी करतात. औषधाने बरं वाटलं म्हणजे अपेंडिक्सच होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया झाली तर काढलेला भाग तपासून खात्री करता येते; औषधाच्या मार्गात ती सोय नाही.

आणि तिसरं, अंतर. पुण्यात किंवा नागपुरात मुलांचं रुग्णालय अर्ध्या तासावर असेल तर औषध देऊन वाट पाहणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण मूल गडचिरोलीतल्या आश्रमशाळेत राहत असेल, पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल, रात्री गाडी मिळवायला दोन तास लागत असतील, तर वर्षभर 'पुन्हा दुखलं तर लगेच आणा' ही अट पाळणं शक्य नाही. अशा घराला मी ऑपरेशनच सुचवेन. दुर्बिणीतून केलेली साध्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया ही मुलांवरच्या सर्वांत सुरक्षित शस्त्रक्रियांपैकी एक आहे. भूल, टाक्यांच्या जागी संसर्ग, पुढे कधीतरी आतडी चिकटणं हे धोके आहेत, पण कमी आहेत. ती निवडणारे आईबाप जुनाट विचारांचे ठरत नाहीत.

उलट, ज्यांची परिस्थिती अनुकूल आहे अशा पालकांना हा पर्याय सांगितलाच जात नाही, तेव्हा मला ते चुकीचं वाटतं. आणि सांगितला, पण 'तिघांत एकाला पुढे लागतंच' हे गाळलं, तर तेही तितकंच चुकीचं. डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका: सोनोग्राफीत अपेंडिक्स स्पष्ट दिसलं का, जाडी किती, खडा आहे का, पू आहे का, रात्री गरज पडली तर इथेच ऑपरेशन होईल का. विचार करायला वेळ नसतो असंही समजू नका. फिनलंड आणि नॉर्वेत प्रौढांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या सुजेवर आठ तासांत आणि चोवीस तासांत केलेल्या शस्त्रक्रियेत फुटण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, ८ आणि ९ टक्के. हे मोठ्यांचे आकडे आहेत, आणि ते रुग्णालयात भरती असलेल्यांचे आहेत. घरी बसून घालवलेले चोवीस तास यात मोजलेले नाहीत.

घरी करू नये अशा काही गोष्टी आपल्याकडे अजून होतात. बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं, कोठा साफ व्हावा म्हणून एरंडेल देणं, उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊन पाहणं. सुजलेल्या अपेंडिक्सवर चोळणं आणि जुलाबाचं औषध दोन्ही घातक ठरू शकतात, आणि अर्धवट अँटिबायोटिकने चित्र धूसर होऊन निदान लांबतं. वेदनाशामकाबद्दल मात्र उलटी भीती आहे. 'औषध दिलं तर दुखणं लपेल आणि डॉक्टरांना कळणार नाही' म्हणून मुलाला तासन् तास कळवळू देतात. वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. दवाखान्यात पोचल्यावर वेदनाशामक मागायला हरकत नाही.

औषधावर बरं होऊन मूल घरी आलं तर सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, प्रवासाला जाताना बरोबर घ्या, शाळेत आणि वसतिगृहात कळवा. आजार परतला तर बहुधा पहिल्या वर्षात परततो. प्रत्येक पोटदुखी म्हणजे अपेंडिक्स नसतं, पण सहा तासांहून जास्त टिकणारी, उजवीकडे सरकणारी, उलटी किंवा तापासोबत येणारी पोटदुखी त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्यांदा सूज आलीच, तर बहुतेक शल्यचिकित्सक पुन्हा औषधाचा प्रयोग न करता अपेंडिक्स काढायला सांगतात, आणि तेव्हा ते ऐकावं.